नव्वद व्होल्टांवर अडलेली पेटी

डोंबिवली (पूर्व),
मंगळवार

तीर्थस्वरूप गुणाजीमामांना,

तानाजीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या पाच अंगांचाच स्वीकारावा, उरलेली तीन अंगं शनिवारी हळदीला समक्ष आणतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामीच्या डोळ्याची पट्टी सुटली का? खाडीत निवट्या मिळतात का अजून, की त्याही आता फक्त आठवणीत मिळतात? हे सारं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही फोनवर "जेवलास का?" एवढं विचारता आणि "बरं" म्हणून ठेवून देता. तुमच्या त्या "बरं"ने माझे कितीतरी मुद्दे तारुण्यात मारले आहेत. पत्राला ती सोय नाही.

मामा, सापडला. दोष सापडला. हे लिहिता लिहिता मी मोठ्याने ओरडलो आणि नीला स्वयंपाकघरातून विचारते आहे की पुन्हा शॉक बसला का. शॉक नाही, आनंद आहे. आयुष्यभर मी व्यासपीठांवरून एकच गोष्ट सांगत आलो की कारणाशिवाय कार्य नाही. कल्याणला सांगितली, खडवलीला सतरंजीवर बसलेल्या अकरा माणसांना सांगितली (त्यात दोघे सतरंजीवालेच होते). ती गोष्ट काल माझ्याच टेबलावर सिद्ध झाली.

तुम्ही परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी आलात तेव्हा मी तुम्हाला पत्र्याची एक पेटी दाखवली होती, ती आठवते ना? प्राप्तीच्या गिटारचा मूळ आवाज अगदी बारीक असतो. तो मोठ्या स्पीकरकडे जाण्याआधी त्याला या पेटीत थोडं खाऊपिऊ घालून अंगाने भरायचं, एवढंच तिचं काम. बाजारात हेच काम करणारे प्लास्टिकचे डबे मिळतात. त्यांत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि बिघडले की फेकायचे. मी म्हटलं, माझ्या घरात असली न दिसणारी विद्या नको. म्हणून तुमच्या जुन्या रेडिओत तांबूस पेटायची तशी काचेची व्हॉल्व्ह आणली, नकाशा मिळवला आणि ही पेटी स्वतःच्या हाताने जोडली.

हे सगळं कशासाठी, तेही तुम्हाला माहीत आहे. शनिवारी माजिवड्याला तुमच्या भाचीच्या, भावनाच्या अनिशची हळद. डीजेवाला आपले डोंगराएवढे स्पीकर चढवेपर्यंत जो वेळ मिळेल, त्यात प्राप्ती गिटारवर धवला वाजवणार. आईचा धवला, हळदीच्या मांडवात ती म्हणायची ते लग्नगाणं. आई गेल्यापासून आपल्या घरातली ही पहिली हळद. ठाण्याच्या मासळीबाजारात दिवसभर ओरडून बसलेला घसा घेऊन तुमची सखुबाय ज्या मांडवात धवलारीण म्हणून उभी राहायची, तिथे बँडवाले बाजूला सरत. आता धवले म्हणणारं घरात कुणी नाही. पेटी पहिल्यांदा ऐकल्यावर प्राप्तीने मला स्पष्ट सांगितलं, "बाबा, पेटीतून वाजलं तर वाजवीन, नाहीतर नाही." मला भरून आलं. वाटलं, माझ्या विचारांना वारस मिळाला. (या वाक्याकडे ता. क. मध्ये परत यावं लागलं, म्हणून हा कंस मागाहून घातला आहे.)

तर तुम्ही गेल्यावर प्राप्तीने गिटार जोडली आणि पेटीतून आवाज आला तो घसा धरलेल्या माणसासारखा. खरखरीत, फाटका. शिवाय मधेच बंद पडायचा. मी मीटर लावला. व्हॉल्व्हच्या पोटात एक प्लेट असते. तिच्यावर एकशेसत्तर व्होल्ट हवेत आणि मिळत होते नव्वद. मामा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: एकशेसत्तर हवे, नव्वद मिळाले. मधले ऐंशी कुठे गेले?

मी लगेच ओळखलं की दोष व्यवस्थेत आहे. आमच्या भागाला वीजच कमी दाबाची येत असणार. योगायोगाने त्याच दिवशी सोसायटीची सभा होती. विषय होता पाण्याच्या टाकीचं झाकण. मी त्या झाकणावरून सुरुवात करून नागरिकाच्या हक्काच्या व्होल्टवर आलो, आणि शेवटी लोक उभे राहिले. (काही निघण्यासाठी, पण बरेचसे पेटून.) दुसऱ्या दिवशी वायरमन आला, मीटर लावला, दोनशे बत्तीस दाखवले आणि म्हणाला, "काका, वीज बरोबर आहे. तुमची पेटी बघा." टाकीचं झाकण अजून उघडंच आहे आणि ते माझ्यामुळे, असं खालचे सुदेश लिफ्टमध्ये म्हणतात.

पण एका वायरमनने हार मानणारा मी नव्हे. पेटी चादरीत बांधून मी थेट माजिवड्याला भावनाकडे गेलो, तिथली वीज तपासायला. भावनाने दार उघडलं, माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि म्हणाली, "दादा, अहेर आत्ताच कशाला आणलास?" तिच्या मिक्सरच्या जागी पेटी लावली. नव्वद. तिथून येताना नवी व्हॉल्व्ह आणली. नव्वद. संशय आलेले सगळे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे तुकडे, बदलले. नव्वद. एखादा आमदार पक्ष बदलूनही तसाच राहावा तसा तो आकडा.

या दिवसांत माझी जी अवस्था झाली ती नीलाच्या सुखाची होती, हे नमूद करायला हवं. अशा पेटीत हात घालताना नियम असा की एक हात कायम खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही. माझ्या लेंग्याला खिसा नव्हता. नीलाने तो शिवला, मला लाकडी पाटावर उभं केलं आणि मग तिला शोध लागला की एक हात खिशात असला की मला बोलता येत नाही. खरंच येत नाही, मामा. प्रयत्न करून पाहिला. वाक्य तोंडापर्यंत येतं आणि दुसऱ्या हाताची वाट बघत थांबतं. आता ती मला भाजी आणायलाही तोच लेंगा घालून पाठवते.

आणि मग काल सकाळ. पेटी बंद करून, उताणी ठेवून मी चहा पीत होतो. नीला झाडू घेऊन आली आणि थांबली.

"यात गोड काय सांडलंय?"

मी म्हटलं, "हे विजेचं यंत्र आहे, नीला. यात गोड कुठून येणार?"

"मग मुंग्या भाषण ऐकायला आल्यात का?"

टेबलाच्या पायावरून काळ्या मुंग्यांची रांग चढली होती आणि थेट व्हॉल्व्हच्या बुडाशी, तिच्या पिना जिथे खोवतात त्या खोबणीत शिरत होती. भिंग लावून पाहिलं तर पिनांच्या मध्ये पिवळट, चिकट साय. बोट लावलं, जिभेला लावलं. (प्लग काढलेला होता. हे मामीला सांगा.) नारळाचं पाणी.

आता तो रविवार आठवा. पेटीचं बूड मी उघडलं होतं, तुम्हाला आतलं दाखवायला. तुम्ही म्हणालात, "नारल फोरल्याबिगर कंचा काम सुरू व्हतं रं?" होडी पाण्यात लोटताना जे करायचं तेच पेटीचं, असा तुमचा हिशेब. माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत, पण तुम्ही मामा; मी विरोध फक्त चेहऱ्यावर ठेवला. तुम्ही जागा शोधलीत आणि टेबलाला आवळलेल्या लोखंडी शिकंज्यावर नारळ हाणलात. त्याआधी तुम्ही मला दोनदा म्हणालात, "पेटी बाजूला घे." पण मी तेव्हा कॅथोड समजावून सांगत होतो आणि वाक्य मोठं होतं. अर्धं पाणी तांब्यात गेलं. उरलेलं कुठे गेलं ते मुंग्यांना कळलं, मला नाही. नारळाचं पाणी खारट-गोड. त्यातून वीज पाझरते. प्लेटवरची वीज शेजारच्या पिनेकडे गळत होती, व्हॉल्व्ह उगाच जास्त ओढत होती आणि माझे ऐंशी व्होल्ट असे वाया जात होते. वीजखातं निर्दोष, माजिवडा निर्दोष, भावनाचा मिक्सर निर्दोष.

जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन खोबण घासली. घासताना एक सांधा हलताना दिसला, त्याचं सोल्डरिंग कच्चं होतं. मधेच आवाज बंद पडायचा तो त्याच्यामुळे. तोही पक्का केला. आज सगळं वाळल्यावर मीटर लावला: एकशे बहात्तर. गिटार जोडून तार छेडली तर आवाज आरशासारखा. मी खिशातला हात बाहेर काढला आणि रिकाम्या खोलीत एक छोटं भाषण केलं.

तुमच्यावर राग नाही, हे सांगायलाच हे पत्र. फक्त शनिवारी मांडवात कुणी यंत्रापुढे नारळ घेऊन निघालं तर वडीलधारे म्हणून तुम्ही अडवा. तुमचं ऐकतील. मामींना नमस्कार.

कार्यकारणभावावर अढळ श्रद्धा असलेला (श्रद्धा हा शब्द घाईत पडला, निष्ठा वाचावं)
तुमचा भाचा,
तानाजी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी प्राप्ती कामावरून आली आणि तिने धवला वाजवून पाहिला. स्वच्छ, गोल, एक ओरखडा नाही. ती म्हणाली, "छान आहे बाबा." दुसऱ्याच्या घरची आमटी चाखून म्हणतात तसं. मी खोदून विचारलं. म्हणाली, "मी फक्त मधेच बंद पडतं एवढंच म्हटलेलं. आवाज वाईट आहे असं कधी म्हटलेलं? मला कुणी विचारलंच नाही." मग गिटार मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "आधी त्यात आजी होती."

मामा, वारसाबद्दलचं ते वाक्य मी इथे मागे घेतो.

आता ती म्हणते, शनिवारी वाजवत नाही.

ता. क. २. मी हरलेलो नाही. गळती जिथे होत होती त्याच पिनांमध्ये रेझिस्टर जोडला, मोजून नव्वद व्होल्ट आणले. शास्त्राप्रमाणे आवाज तोच यायला हवा. प्राप्तीने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "जवळपास. पण या आजीला सर्दी झालीय."

ता. क. ३. तेव्हा मूळ विनंती अशी. शुक्रवारी या, आणि येताना नारळ आणा. बाजारातला नको, तुमच्या मागल्या दारच्या, खाडीकडे झुकलेल्या त्याच माडाचा. तिथल्या मातीत मीठ आहे, पाण्यातही उतरत असणार. ही पूजा नाही, प्रयोग आहे. पण प्रयोगात मूळ परिस्थिती जशीच्या तशी उभी करावी लागते, म्हणून पेटी उघडी असेल, शिकंजा तिथेच असेल, आणि नारळ फोडण्याआधी डोळे मिटून तुम्ही एकविरा आईला जे काही सांगत होतात तेही शब्द तेच असू द्यावेत. त्या दिवशी मी बोलत होतो, त्यामुळे मला ते ऐकू आले नव्हते. तेवढा एक बदल या खेपेला करू. मी खिशाचा लेंगा घालून उभा राहीन.