मी जिंकून दिलेला सामना

परंडा,
९ मे १९४८

प्रिय महांतप्पा,

आशीर्वाद. तुझं फेब्रुवारीतलं पत्र मला मार्चच्या मध्यावर मिळालं, आणि मे उजाडला तरी उत्तर नाही म्हणून तू मला आळशी म्हणत असशील. म्हण. मठाच्या पाठशाळेत चार वर्षं संस्कृत शिकून ज्यानं मला एक धड श्लोक म्हणून दाखवला नाही, त्याच्याकडून आळशी म्हणवून घ्यायला मला गंमतच वाटेल. तुझी आई बरी आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील.

बरी आहे, पण परंडा सोडायला तयार नाही. आपल्या गल्लीतल्या चौदा घरांपैकी अकरांना कुलपं लागली. माझा भाऊ बायकापोरांसह बार्शीला गेला, म्हणजे नाक्यापलीकडं, जिथं निजामाचं राज्य संपतं. मागच्या महिन्यात चार कोसांवरच्या एका गावात रझाकार शिरले. सात घरं जळाली. गोठ्यातली म्हैस सोडायला गेलेला एक म्हातारा परत बाहेर आला नाही. आपला धुळाप्पा एक दिवसाआड पहाटे गाडीत माणसं भरून नाका ओलांडतो. नाक्यावरचा जमादार करीमसाहेब जुना माणूस, गाडी दिसली की पाठ फिरवून विडी पेटवतो. त्याची बदली व्हायची आहे असं ऐकतो. नवा कसा येईल, कोण जाणे. धुळाप्पा रोज विचारतो, "शास्त्रीबुवा, वहिनीसाब कधी बसणार गाडीत?" आणि मी रोज उद्या म्हणतो.

आता याचं कारण तुमच्याकडचा तो बर्फावरचा हॉकीचा खेळ आहे असं लिहिलं, तर उन्हानं माझं डोकं फिरलं असं तुला वाटेल. ऊन आहेच, पण कारणही तेच आहे.

तू गिरणीच्या यंत्रांचं शिकायला प्रागला गेलास, त्याला दीड वर्ष झालं. तुझी पत्रं मी दर वेळी तुमच्या ओसरीवर बसून तुझ्या आईला, लक्ष्मम्मावहिनींना, वाचून दाखवतो. यंत्रांबद्दल तू चार ओळी लिहितोस आणि हॉकीबद्दल चार पानं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहिनींनी विचारलं, "बर्फावर? आन् पाय बधिर न्हाय होत त्यांचे?" आपल्याकडं बर्फ म्हणजे देशपांड्यांच्या लग्नात बार्शीहून भुश्शातनं आणलेली लादी, तीही वाटेतच निम्मी झालेली. तेवढ्या अनुभवावर मी त्यांना गोठलेलं तळं, पायांत लोखंडी पाती बांधून धावणारे गडी आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती हे सगळं समजावलं. संस्कृतात यापेक्षा अवघड गोष्टी समजावल्यात, पण इतकं मन लावून ऐकणारं कुणी नव्हतं. तू तरी नव्हतास. दोन पत्रांत तिथल्या देशाच्या संघाची "आपली पोरं" झाली.

मागच्या वर्षी प्रागलाच जगाची स्पर्धा झाली. आपली पोरं स्वीडनकडून हरली, सगळं शहर मान खाली घालून घरी गेलं आणि तूही रडलास, असं तू लिहिलंस. ते पत्र मी जसंच्या तसं वाचलं. वहिनींनी त्याच दिवसापासून मीठ सोडलं. सिद्धेश्वराला सांगून टाकलं, पोरं जिंकल्याशिवाय अळणीच खाणार. मी म्हणालो, "वहिनी, हरून झालंय. प्रागला आता काय व्हायचं शिल्लक आहे?" त्या म्हणाल्या, "तुमाला काय ठावं भाऊजी?" आठ दिवसांनी तुझं दुसरं पत्र आलं. त्या स्वीडनला ऑस्ट्रियानं हरवलं आणि अजिंक्यपद आपल्याच पोरांकडं आलं. सामने तर पत्र पोचायच्या कितीतरी आधीच संपले होते, हे मी तारखा दाखवून पटवायचा यत्न केला. वहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं, की शिकलेल्या माणसाची कीव केव्हा करावी हे त्यांना चांगलं कळतं. गल्लीत गूळ वाटला. त्यानंतर तुला पाठवलेल्या पाकिटातून जी राखाडी भुकटी निघाली ती मठातली विभूती होती, गोलात उभा राहणाऱ्या गड्याच्या कपाळाला लावायला. प्रागच्या पोस्टात कुणी हुंगून पाहिली असेल तर त्याचंही भलं होवो.

मग यंदाचं ऑलिंपिक. तू डिसेंबरात गमतीनं लिहिलंस, "आईला सांगा, ही पोरं सोन्याचं पदक घेऊन आली की मी घरी आलोच म्हणून समज." महांतप्पा, आईला लिहिताना गंमत करू नये. वहिनींनी पुन्हा मीठ सोडलं. या वेळी आठ दिवस नव्हे, दोन महिने. जोंधळ्याची भाकरी आणि अळणी वरण. फाल्गुनात त्या आडावर घागर ओढताना खाली बसल्या त्या उठेनात. शेजारची रुद्रम्मा आणि मी उचलून आणलं. वैद्य म्हणाले, आजार नाही, मीठ द्या. देणार कोण? मी दोन्ही वेळा समोर बसून विनवलं. मी एकटा राहणारा माणूस, हातानं करून खातो. त्या आठवड्यात माझ्याही आमटीत मीठ पडलं नाही, का ते विचारू नकोस.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. मी वाटेतच फोडून वाचलं. आपली पोरं एकही सामना हरली नाहीत. कॅनडाशी बरोबरी झाली, तीही दोघांचाही एकही गोल न होता. तरी सोनं कॅनडाला गेलं, कारण गोल मोजताना कॅनडा सरस ठरला. न हरता हरणं असतं ते मला तुझ्या पत्रानं शिकवलं. तू लिहिलं होतंस की चौकातल्या रेडिओच्या कर्ण्याखाली उभी माणसं निकाल ऐकूनही हलेनात, सामना अजून उरलाय अशा आशेनं. आणि खाली चार ओळींत, तुझी मुदत दोन वर्षांनी वाढली आहे, यंदा येणं होत नाही, आईला सांभाळून सांगा.

मी ओसरीवर गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाचा." पत्र उघडलं आणि वाचलं की पोरं जिंकली. शून्याविरुद्ध एक गोल, शेवटच्या क्षणाला. तो गोल मीच मारला. तुझ्या लिहिण्यात नव्हती इतकी वर्णनं घातली, कर्ण्याखालची माणसं नाचवली. आणि मग सुरातच पुढं वाचून गेलो, "मी उन्हाळा संपताना येतो." रुद्रम्मानं भाकरीवर मिठाची चिमूट घालून दिली. वहिनी ती खाताना रडत होत्या. मला त्या क्षणी वाटलं, चाळीस वर्षांच्या अध्ययनाचा पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला.

आठ-दहा दिवसांत त्या उठून हिंडू लागल्या. आणि मग गावं रिकामी व्हायला लागली. मी म्हणालो, वहिनी, निघू. त्या म्हणाल्या, "महांत्या यायचाय. घराला कुलूप बघून पोरगं माघारी गेलं तर?" पंधरा दिवस मी सगळं करून पाहिलं. शेवटी खरं सांगितलं. समोर बसून, तुझं तेच पत्र हातात धरून सांगितलं, की पोरं जिंकली नाहीत, महांतप्पा येत नाही, मी खोटं वाचलं. त्या कितीतरी वेळ हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, मला गाडीत बसवायला आता खोटं बोलता व्हय? तुमी एवढ्या वर्षांत खोटं बोलला न्हाईत, तुमाला जमत न्हाय ते." मी पत्र पुन्हा वाचलं, या वेळी अक्षर न् अक्षर खरं. त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं, घडी केली आणि देवळीत ठेवलं. म्हणाल्या, चहा घ्या.

तेव्हा आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. तू तिला स्वतःच्या हातानं लिही. तार करू नकोस, दारात तार आली की ती तुझ्या नावानं टाहो फोडेल. साधं पत्र, मोठ्या अक्षरात. पोरांना सोनं मिळालं नाही, मी दोन वर्षं येत नाही, आणि आलो तर बार्शीलाच येईन, तिथं जाऊन राहा. गुंडाप्पाकाकानं मार्चात खोटं वाचलं, हेही लिही, त्याशिवाय पटणार नाही. माझी गय करू नकोस. पाकिटावर माझं नाव घालू नकोस. समोरच्या बलभीम शिंप्याच्या नावानं, बार्शीच्या माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठव, धुळाप्पा आणून देईल. बलभीमाची शाळा उर्दूत झाली, आपली अक्षरं तो बोट ठेवून एकेक लावतो, आणि त्यात आपल्या पदरचं घालण्याइतकं त्याला वाचताच येत नाही. ओसरीवर तोच वाचील. मी त्या दिवशी तिथं नसेन. वहिनी गाडीत बसेपर्यंत मी परंड्यातच आहे, पण तुझी पत्रं यापुढं माझ्या हातात येऊ देऊ नकोस. लवकर लिही. आजच लिही.

तुझाच,
गुंडाप्पाकाका