गुलकंद गिळेपर्यंत

आई, तू गेली तवा मले मिशीही फुटली नव्हती. इतक्या वर्षांत तुले कधी एक ओळ लिहली नाई. आज लिहून राह्यलो, कारण हे तुले पोचणार नाई. पोचणार असतं तर मी इथंही गप्पच बसलो असतो.

आज चुलतभावाचा, मोठ्या बाबाच्या पोराचा, फोन आला. मी इकडे गुजरातेत मोरबीले, टाइल्सच्या कारखान्यात, भट्टीवरची पाळी संपवून नळावर अंग धूत होतो. तो म्हणे, "अरे, बाबाच्या अंगाची लय आग होऊन राह्यली. डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत, पण त्याईले काकूच्या हातच्यासारखाच गुलकंद पाह्यजे. बाजारातला आणला तं म्हणतात, हा नुसता पाक हाय. तुले येते ना बनवाले? तूच तं बसत होता तिच्यापाशी."

बसत होतो. फाल्गुनात ऊन चढायच्या आत विहिरीजवळच्या गावरान गुलाबाची फुलं तू तोडायची. आधी मोठ्या आईच्या देवाले, उरतील ती तुले. पाकळ्या कोरड्या फडक्यानं पुसायची, पाण्याचा थेंब लागू द्यायची नाई. बरणीत पाकळ्यांचा थर, वर कुटलेल्या खडीसाखरेचा थर, तोंडाले फडकं बांधून बरणी टिनाच्या छपरावर उन्हात. माझा घोळणा फुटला का गुलकंद, लघवीले जळजळ झाली का गुलकंद, अन् त्याचा गुण येत होता, ते मी नाकारत नाई. पण तू तो माझ्या रागालेही द्यायची. चुलतभावाले नवी चप्पल अन् मले त्याची जुनी, म्हणून पाय आपटले का चमचा पुढं. "उष्णता चढली तुले, आ कर." मले उष्णता नव्हती, आई. मले राग येत होता.

आठवीचा निकाल लागला तो दिवस. पवनारच्या शाळेतून भर उन्हात मी पळत घरी आलो. मोठे बाबा आंगणात खाटेवर बसलेले. चुलतभावाचं नववीसाठी वर्ध्याचं ठरलेलंच होतं. माझं विचारलं तं म्हणे, "दोघंई वर्ध्याले गेले तं बैलं कोण पाहीन? मी?"

"तुमचा पोरगा पाहीन! माहे मार्क त्याच्याहून जास्त हायेत!" मी ओरडलो.

तू सैपाकघरातून चमचा घेऊनच धावत आली. भासऱ्याशी, बाबाच्या मोठ्या भावाशी, तू थेट बोलत नव्हती. डोक्यावर पदर ओढून मोठ्या आईकडं पाहत म्हणाली, "बाई, उन्हातून आला तो. पित्त चढलं त्याले. मनावर घेऊ नका म्हणा." अन् चमचा माझ्या तोंडात. मोठे बाबा हसले. "दे, दे, अजून एक दे! वकील व्हाले निंघाला." सगळे हसले. तूही हसली. गुलकंद झटकन गिळता येत नाई, पाकळ्या दातात अडकतात. माझं तोंड मोकळं झालं तवा खाट रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांचा कासरा माझ्या हातात.

मले समजते. माझे बाबा नव्हते, छप्पर मोठ्या बाबाचं, भाकर त्यांची. राग म्हटला असता तं आपल्या दोघांले बाहेर काढलं असतं, उष्णता म्हटलं तं राहू दिलं. सगळं समजते, अन् तरी माफ होत नाई. एकदा तरी, आपण दोघंच असताना, म्हणाचं होतं, "बाबू, तुझं बरोबर होतं." अन् तू स्वतः तो चमचा कधी चाटल्याचं मले आठवत नाई. तुले राग येतच नव्हता, का तो कोणाले दिसू देत नव्हती?

इथं मी तीन कारखाने सोडले. सुपरवायझर एक बोलला का मी दोन बोलतो. सोबतचे पोरं म्हणतात, इसका दिमाग गरम है.

आज फोनवर मात्र मी म्हणालो, "नाई बा, मले नाई माहीत. लहान होतो मी."

"पाह्य ना थोडं आठवून. बाबा लय तळमळतात रे."

"आठवलं तं सांगीन."

आवाज चढला नाई. अंग पुसलं, पोटभर जेवलो. इतका थंड मी आजवर कधीच नव्हतो, आई. तुले असाच पाह्यजे होतो ना?