आईच्या वाट्याची सीट

दादा, तुमचा तो डबा मी भंगारात दिला. तुम्ही त्याला ऐटीत व्हॅन म्हणायचात, पण सरकतं दार लाथ मारल्याशिवाय लागायचं नाही आणि सीटखालच्या इंजिनानं माणूस भाजून निघायचा. राणीसावरगावहून गंगाखेडला निघालात की वाटेत ज्यानं हात केला तो आत. भाडं कोणाकडून घेतलं नाहीत. फक्त मागं वळून आईला म्हणायचं, "सरक जरा." नवरा म्हणून आयुष्यभर तुम्ही तिच्याशी एवढंच बोललात की काय, असं मला वाटतं.

तो दिवस मी विसरायला तयार नाही. आईच्या पोटात कळा येतायत, तिला परभणीला दवाखान्यात न्यायचंय, तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. आणि तुम्ही फाट्यावर ब्रेक मारता. "म्हातारं माणूस हाय, उन्हात उभं ऱ्हायलंय. सरक की जरा, लय लांब न्हाई जायचं त्यान्ला." आई उठून बसली. पुढच्या फाट्यावर आणखी दोघं चढले, त्यांचं पोतं तिच्या पायांवर. ओठ दाबून ती खिडकीला चिकटली. एक जण उतरताना तिला म्हणाला, "देवमाणूस हाय बघा तुमचा मालक." आणि ती हो म्हणाली, दादा! तुम्ही गेलात तेव्हाही ओसरीत बसून लोक तेच सांगत होते, "त्यान्च्या गाडीत जागा न्हाई, असं कधी झालंच न्हाई." ती जागा कोणाची होती, हे एकानंही विचारलं नाही.

नवी गाडी घ्यायला गेले तेव्हा शोरूमवाल्यानं आधी सात जणांची मोठी गाडी दाखवली. मी नको म्हणाले. सेडान घेतली, बुटकी, लांब डिक्कीची. गाडी सुटली की दारं आपोआप लॉक होतात. पुढं दोन सुट्या सीटा, तिसरा माणूस कोंबायला वावच नाही. तुमच्यावरच्या रागानं घेतली म्हणा हवं तर.

परवा आईला पुढं बसवून निघाले. बघते तर ही दाराला चिकटून, पिशवी मांडीवर, अर्ध्याच सीटवर.

"आई, नीट बस की. ही सीट तुझ्या एकटीची हाय. हितं दुसरं कोणी बसूच शकत न्हाई."

"समजतंय की मला," ती म्हणाली. "पर आंग ऐकंना, काय करू?"

मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. तिला वाटलं, तिच्यावरच चिडले. साऱ्या मुलखाला जागा देता देता तुम्ही एका बाईचं अंग आखडून टाकलंत, आणि पुण्य तेवढं स्वतःच्या नावावर घेऊन गेलात.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. एक मात्र सांगते. कधी रस्त्यात तुम्ही हात केलात, तर मी थांबेन. मागं बसायचं.