घरातला लिलाव

प्रिय भिंगरी,

तुझी खुशाली विचारत नाही. फोनवर विचारते तेव्हा तू "बरी आहे" एवढंच सांगतेस. आज मी बोलणार आणि तू मुकाट्यानं वाचणार. अक्षर माझं आहे, तेव्हा डोळे ताण.

जाताना माझ्या फोनात तू तो बोलणारा बसवून गेलीस ना, शास्त्रज्ञांचे लेख शोधून वाचणारा आणि त्यावर गप्पा मारणारा, त्याला मी वाचक्या म्हणते. आधी वाटलं, नात लांब निघाली आणि म्हातारीच्या हातात खुळखुळा देऊन गेली. पण तू त्याला चांगलं पढवून ठेवलंयस. आजी चौथी शिकलीय, जन्मभर शिवणकाम केलंय, इंग्रजी फेकू नकोस, गोडगोड बोलू नकोस, माहीत नसेल तर तसं सांग. हे शेवटचं तुझ्या बापाला कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

आजोबांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि त्यांचं बोलणं गेलं, ते तू पाहिलंसच. पाणी हवं असलं तरी शब्द सापडेना. शिवी मात्र खणखणीत! शेजारीण फळं घेऊन आली, तर तिला "चालती हो" म्हणाले. बिचारी फळं ठेवून खरंच चालती झाली. तुझा बाप म्हणाला, बाबा मुद्दाम करतात. मलाही तसंच वाटलं. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला साधं "पाणी" म्हणता येऊ नये?

शेवटी वाचक्याला विचारलं. त्यानं लेख धुंडाळले आणि म्हणाला, असं पुष्कळांचं होतं. विचार करून बोलायचं ते अडतं, पण तोंडात बसलेल्या शिव्या, आकडे, गाणी आपसूक बाहेर पडतात. मुद्दाम कुणी करत नाही. मी म्हटलं, म्हणजे शिवण उसवली, कापड शाबूत आहे? तर म्हणाला, थोडं तसं, पण थोडं कापडही गेलंय. मला ते आवडलं. जो तो मला धीर देत होता, आणि मला हवी होती माहिती.

मग आमची जुंपली. गाण्यातून बोलणं परत आणतात म्हणे. मी म्हटलं, हे गायला लागले तर शेजारी घर सोडतील, आणि किती जणांवर करून पाहिलंय रे? मूठभर, म्हणाला. मग मूठभरांच्या जिवावर मला अक्कल शिकवतोस? तर न चिडता म्हणाला, बरोबर आहे, खात्री देता येणार नाही. मी विचारलं, लिलावाचं काय? शोधून आला नि म्हणाला, लिलावावर मला काही सापडलं नाही, बोलायला शिकवणाऱ्या बाईंना विचारा. बाई हसल्या. म्हणाल्या, करून तर बघा.

टेबलावर किटली ठेवली आणि बोली लावली. हे नुसते बघत राहिले. मग त्यांची आरामखुर्ची पुढे ओढली आणि इतकी पडेल बोली लावली की त्यांचं डोकंच फिरलं. हात वर गेला आणि "एकवार, दोनवार" धडाधड सुरू! खुर्ची मला दिली नाहीच. वाचक्यानं लगेच बजावलं, फार हुरळू नका, हे अजून बोलणं नव्हे. पण बाईंनी त्याच चालीवर एकेक शब्द बसवून घेतला. एकवार पाणी, दोनवार पाणी. काही दिवसांनी नुसतं पाणी. आता घरातली प्रत्येक वस्तू लिलावात निघते. काल मला काढलं होतं. बोली कुणी लावली नाही म्हणून ठेवून घेतलं म्हणे. शब्द तुटके होते, टोमणा अख्खा होता.

वाचक्याचे आभार मानले तर तो म्हणतो, तुमच्या नातीनं मला आधीच नीट सांगून ठेवलं होतं. म्हणून आभार तुझ्याकडे पाठवते. मला ते मानायची सवय नाही, वाकडेतिकडे असतील, चालवून घे.

आता हे पत्र कशाला, ते ऐक. फोनवर सांगता येत नाही, हे माझ्या बाजूलाच कान टवकारून बसलेले असतात. मध्यंतरी ते एकटेच खाली उतरले, औषधवाल्यापुढे तुझ्या नंबराची चिठ्ठी धरली आणि त्याच्या फोनवरून तुला फोन लावला. मला त्यानंच सांगितलं. तू दोनदा "कोण?" विचारलंस आणि कुणी बोलेना म्हणून ठेवून दिलास. मला म्हणालीसही, कोणीतरी उगाच त्रास देतंय. तुझी चूक नाही गं. पण त्यानंतर त्यांनी फोनला हात लावला नाही. आता लावणार आहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी. बाईंपाशी बसून तुझं नाव घोटतायत, मला कळत नाही असं समजून. तर तू फोन उचल आणि थांब. शब्द पुरवू नकोस, रडू नकोस, ओळखलं असंही म्हणू नकोस. आधी एखादी शिवी निसटली तर ती तुला नाही, पुढच्या शब्दासाठी वाट मोकळी होतेय. फोन कानाशी धरून ठेव. त्यांना वेळ लागेल, लागू दे.

तुझीच,
तोंडाळ आजी