दयारामच्या ड्रमची कॅसेट आणि नारायणवरचा आळ

मी, भाऊराव तुकाराम हिवराळे, वय अठ्ठावन्न, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार खामगाव, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि शुद्धीत लिहीत आहे. पोटातली गाठ काढून दीड महिना झाला. ती साधी निघाली, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितले. म्हणजे घाई नाही. तरी लिहितो, कारण आधीचे मृत्युपत्र तसेच ठेवून मरणे मला परवडणार नाही.

कलम १. मार्च १९७९ चे माझे मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करतो. त्यातल्या सातव्या कलमात "नारायण गिऱ्हे या चोराने माझ्या मातीला येऊ नये" असे वाक्य होते. ते वाक्य खोटे होते आणि लिहिताना मला ते माहीत होते. खुलासा कलम ४ मध्ये आहे.

कलम २. दोन खोल्यांचे राहते घर, मागचा नळ, पोस्टातली शिल्लक आणि टेपरेकॉर्डर ही सर्व माझी पत्नी सिंधू हिची. आम्हांला मूलबाळ नाही. माझ्या पुतण्यांनी घरावर हक्क सांगू नये. सांगितला तर सिंधूने दार लावून घ्यावे.

कलम ३. अ‍ॅम्प्लिफायर, दोन माईक आणि चार भोंगे आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला द्यावेत. जयंतीला दुसऱ्याचा सेट आणू नये. समोरचे माणिकराव कलम ४ मधली कॅसेट ऐकून "तुमचे ते गिटार म्हणजे पितळी भांडी पडल्यासारखे" असे म्हणाले होते. त्यांच्या घराकडे मी पुढे सहा वर्षे एक भोंगा मुद्दाम वळवून ठेवला. तो आता विहाराने सरळ करावा. माणिकरावांना मी दुसरे काही देत नाही.

कलम ४. आता कॅसेट.

सिंधूचा भाऊ दयाराम मुंबईला गिरणीत होता. तिथे एका गोव्याच्या बँडमास्तराकडून तो ड्रम शिकला आणि चार गिटारवाल्या पोरांच्या पार्टीत वाजवू लागला. पार्टीचे नाव इंग्रजी होते, आम्ही दयारामची पार्टी म्हणायचो. त्याच्या आईला, मंजुळाबाईंना, हे पटले नव्हते. छप्पन्न साली बुद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याच्या वडिलांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. "पुन्हा तेच वाजवणं काऊन रे?" असे त्यांनी विचारले. दयाराम म्हणाला, "माय, तवा आपल्याले हुकूम व्हता. आता लोक तिकीट काढून ऐकतात."

जानेवारी १९७५ मध्ये त्यांचा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवणार असे पत्र आले. आमच्या जिल्ह्यात टीव्ही कुठला! मी आणि सुलतानपूरचा माझा जिवलग नारायण गिऱ्हे, भाजीपाला करणारा माणूस, दोघे मुंबईला गेलो. दयारामच्या चाळीत एकाकडे टीव्ही होता. सगळा मजला त्या खोलीत बसला. मी टीव्हीसमोर माईक धरला आणि चाळीस मिनिटे हात हलवला नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी त्यात आली. नारायणचे ओरडणेही आले, "चूप रहा बे, आपला दयाराम हाय तो!"

ती कॅसेट खामगावात इतकी गाजली, की दर रविवारी माझ्या दुकानात दहा-बारा जण जमायचे. शेवटच्या गाण्याआधी दयारामने एकट्याने ड्रम वाजवला होता. तो तुकडा तीनदा लावावा लागे. काठी हातातून सुटली होती की त्याने मुद्दाम वर फेकली, यावर दरवेळी वाद व्हायचा. टीव्ही पाहिलेले आम्ही दोघेच, त्यामुळे निकाल आम्ही द्यायचो, आणि आमचाही एक नसायचा.

शहात्तर साली दयाराम काविळीने गेला. मग ती कॅसेट हीच त्याची खूण उरली.

पुढच्या वर्षी नारायणने ती आठ दिवसांसाठी नेली. नंतरच्या एका रविवारी डबा उघडला तर कॅसेट नाही. नारायण म्हणाला, "तुह्या हातात देल्ली ना बे मी." मी सर्वांसमोर त्याला चोर म्हटले. तो चप्पल घालून निघून गेला.

दोन महिन्यांनी मी चौकात सरकीच्या बियाण्याची जाहिरात लावली होती, माझ्याच आवाजातली. जाहिरात संपली आणि मागून दयारामचा ड्रम सुरू झाला. मी झडप घालून मशीन बंद केले. चिठ्ठी निघालेल्या कॅसेटवर मीच ती जाहिरात पुन्हा पुन्हा भरली होती. चाळीस मिनिटांतली जेमतेम दोन उरली होती.

मी कोणाला बोललो नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, असे दिवस गेले. ७९ चे मृत्युपत्र लिहिताना सिंधू शेजारी बसली होती. ती म्हणाली, "त्या चोराचं लिहा." मी लिहिले.

ऑपरेशनला नेताना मला गाठीपेक्षा त्या कलमाची भीती वाटली. टाके निघाल्यावर पहिली बस धरून सुलतानपूर गाठले. नारायण टोमॅटोची झाडे बांधत होता.

"नारायण, कॅसेट तू नाही नेली. मीच पुसली."

त्याने हात थांबवला नाही. "मले माहीत हाय."

"कसं?"

"चौकात सरकीच्या मागून दयाराम वाजला, तवा मी पानठेल्यावर उभा व्हतो."

"मग बोलला काऊन नाही?"

"चोर तू म्हटलं. तूच येऊन सांगशील म्हणून वाट पाहून राह्यलो. चार वर्षं लावली बे तू!"

मग त्याने हात धुतले आणि मला त्याच गावात राहणाऱ्या मंजुळाबाईंच्या घरी नेले. कॅसेट परत देण्याआधी त्याने अकोल्यात तिची नक्कल करून घेतली होती. दर बाजाराच्या दिवशी तो ती म्हातारीला ऐकवत होता, सिंधूला सांगायचे नाही या बोलीवर. चाळीसच्या चाळीस मिनिटे, कुकरसकट. मी तिथे भिंतीला टेकून खाली बसलो. टाक्यांची जागा दुखत होती, पण इतके हलके मला दयाराम गेल्यापासून वाटले नव्हते.

ती नक्कल नारायणची आहे. मला ती वाटता येत नाही. माझ्याजवळची दोन मिनिटे सिंधूची.

कलम ५. सिंधूला मी त्याच संध्याकाळी सांगितले. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मला आणि नारायणला समोर बसवून म्हणाली, "तुम्ही आपापला ताठा सांभाळला. माह्या भावाचा आवाज माह्यापासून लपवला, अन् मायलेही चूप बसवलं." आम्ही दोघांनी माफी मागितली. ती आता कॅसेट ऐकायला दर महिन्याला सुलतानपूरला जाणार आहे. बसभाडे पोस्टातल्या पैशांतून घ्यावे आणि त्यात कधी काटकसर करू नये.

कलम ६. माझी माती साधेपणाने करावी. त्रिशरण-पंचशील म्हणावे. खांद्याला नारायण पुढे असावा.

कलम ७. नारायणला मी माझा जुना रेकॉर्ड प्लेयर आणि साठ तबकड्या देणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. नारायणला विचारले, तबकड्या की सही? तो म्हणाला, "तबकड्या ठेव तुह्या. सही करू दे मले." म्हणून त्याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. तबकड्या सिंधूने ठेवाव्यात.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केली.

खामगाव, रविवार, दि. २२ नोव्हेंबर १९८१

(सही) भाऊराव तुकाराम हिवराळे

साक्षीदार:
१. (सही) महादेवराव बोचरे, निवृत्त पोस्टमास्तर, खामगाव
२. (सही) नारायण सखाराम गिऱ्हे, सुलतानपूर, विश्वासू इसम