हेलेनफेल्डचं अनुदान आणि माझा अंगठा

प्रिय कॉर्नेलियस दाजी,

सप्रेम सलाम. तुमचा गुडघा आता बरा असेल आणि ताई तुम्हाला जिने चढू देत नसेल, अशी आशा आहे. इथे गव्हाची कापणी उरकली. राहिली होती फक्त आपल्या चर्चच्या प्रादेशिक परिषदेची वार्षिक सभा आणि तिचा जमाखर्च. (मला खजिनदार कुणी केलं? तुम्हीच!)

यंदा अठरा हजार डॉलरची तूट. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो की हेलेनफेल्डच्या मंडळीचं, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चचं, अनुदान बंद करायचं. माणसं मूठभर, पाळक वोथ आजोबा ऐंशीच्या पुढचे. हिशेबात चूक नव्हती हो. पण जमाखर्च मांडण्याआधी एकमेकांचे पाय धुवायचे, हा आपला रिवाज. आणि माझ्यासमोर घमेलं घेऊन गुडघे टेकले कोणी? वोथ आजोबांनी! त्यात माझा मोजा फाटका, अंगठा सगळ्यांच्या आधी सभेला हजर. म्हाताऱ्याने कोमट पाण्याने बोट न् बोट धुतलं, पुसलं. माझे डोळेच भरून आले. आपले पाय ज्याच्या हातात, त्याच्याच पोटावर पाय कसा द्यायचा, सांगा! मी उठलो आणि म्हणालो, अनुदान चालूच राहील, तूट मी बघतो. सगळ्यांनी मान डोलावली. (आपल्यात फुकटच्या उदारपणाला कुणी हरकत घेत नाही.) नव्या पिकअपसाठी साठवलेले पैसे गेले. लिओना म्हणते, "नवरोबा, आता शेतावर खेचरावर बसून जा."

तरी मला बरं वाटलं, खरंच.

तुमचा मेहुणा,
टोबियास

ता.क. कॉफीच्या वेळी आजोबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "टोबियास, मी तर आमची मंडळी बंद करा, हेच सांगायला आलो होतो रे. आता अक्षर दिसत नाही, थकलो. पण तू रडायला लागलास. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडा?" घ्या! मग बंद करू या का, असं विचारलं, तर म्हणाले, आता कसं करणार, बातमी कळताच मंडळीतल्या बायकांनी आनंदाने केक करायला घेतलाय.

ता.क. २. म्हणजे पैसे आहेत, पाळक नाही. तुम्ही निवृत्त पाळक आहात आणि गोठ्यात गाईंना प्रवचन देता, असं ताईने कळवलंय. वर्षभर याल? गाईंइतकीच माणसं आहेत.

ता.क. ३. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त एक सांगतो. वोथ आजी लग्नापासून पुढच्या बाकावर एकट्याच बसतात. आजोबांना एकदा त्यांच्या शेजारी बसून प्रवचन ऐकायचंय.