शेजारचा गुरुनाथ

अर्विंग, टेक्सस
शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय प्रथमेश,

तुझी बॅग भरून झाली असेल, निदान अर्धी तरी. सोबतच्या पिशवीत तुझ्या आईसाठी बदाम आहेत आणि बाबांसाठी लोकरीचे मोजे. हॉस्पिटलात पाय फार गार पडतात. पत्र लिहितेय, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं.

आधी कामाचं. काल आपला गेम दीपाच्या मुलाला, देवांगला, खेळायला दिला. त्याने दुकान मांडलं, लगेच मॅनेजर नेमायचं तुझं ते बटण दाबलं आणि निघाला किल्ले घ्यायला. किल्ले घेतले, नदी पालथी घातली, दुकानाकडे फिरकला नाही. मी विचारलं, अरे, दुकानाचं काय? तर म्हणाला, “इट्स फाइन, इला मावशी. द मॅनेजर्स गॉट इट.”

हेच मी परत आल्यापासून घसा फोडून सांगतेय. दुकानदारी, भटकंती आणि लढाई एकाच गेममध्ये बसवायला आपण किती डोकेफोड केली. शेवटी सगळं जुळलं माझ्या त्या पात्रामुळे, शेजारच्या गुरुनाथमुळे. खेळणाऱ्याने आधी त्याच्या नालांच्या दुकानात थोडा वेळ बसायचं, मग तो आपलं दुकान सांभाळणार. भटकून परत आलं की सांगणार, मिठाचे व्यापारी यंदा आले नाहीत, घाटात कुणीतरी जकातनाकं बसवलंय. त्या गप्पांवरून पुढची चढाई ठरवायची. तुझा मॅनेजर नुसता विक्रीचा आकडा दाखवतो. मग परत यायचं कशाला?

“टेस्टर्स अडकत होते यार, मी फक्त सोपं केलं,” म्हणालास. अडकू दे की.

आणि केलंस कधी, तर मी सांगलीला असताना. एअरपोर्टवर तुला एवढंच म्हटलं होतं, माझ्या भागाकडे जरा लक्ष ठेव. परत येऊन बघते तर गुरुनाथच गायब.

तुला वाटतं मी बटणावरून चिडलेय. बरेच दिवस मलाही तसंच वाटत होतं.

हा गुरुनाथ मी कुठून आणला ते तुला कधी सांगितलं नाही. आईचं फॉल-पिकोचं दुकान होतं, शेजारी गुरुनाथकाकांचं सायकलचं. माझ्या शाळेत यायचं असलं की आई मशीनवरून उठायची. “गुरुनाथभाऊ, जरा लक्ष ठेवा हं.” ते हातातलं चाक न सोडता म्हणायचे, “जा वहिनी, मी बघतो.” शटर उघडं टाकून आई निघायची. तेही कुठे गेले की आई त्यांच्या गिऱ्हाइकांना हवा भरून द्यायची.

सांगलीत आई गेली त्या दिवशी गुरुनाथकाका दुकान बंद करून आमच्या दारात बसून होते. तू मीटिंगमध्ये टीमला सांगितलंस, सगळ्यांनी मिळून फुलं पाठवलीत. फोन मात्र केला नाहीस, एकदाही. काय बोलावं सुचत नाहीये, एवढं जरी म्हणाला असतास तरी मला चाललं असतं. मला त्याचा राग आहे, प्रथमेश. हे पत्र लिहितानाही आहे.

आणि आता तुझ्या बाबांची बायपास ठरली, तर तुझा मेसेज येतो, ‘माझा भाग जरा बघशील ना?’ वाचून फोन आपटावासा वाटला.

ते बटण काढून टाकायची मला फार हौस आहे. काढणार नाही. तू तिकडे असताना तुझ्या कामातलं काही हलणार नाही, आणि कुणी हलवायला आलं तर मी हलवू देणार नाही. परत आलास की समोरासमोर भांडू. तेव्हा मी माघार घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ऑपरेशनच्या दिवशी मी फोन करेन, तो उचल. काही बोलायला सुचलं नाही तर नुसता धरून ठेव.

जा. मी बघते.

इला